मोकळी नळी

गोळी सुटताना रायफलीची नळी छेडलेल्या तारेप्रमाणे कंप पावते. अचूकतेसाठी हा कंप नाहीसा व्हावा लागत नाही; तो प्रत्येक वेळी सारखा असावा लागतो. १९६४ मध्ये अमेरिकेत नागरिकांसाठी विक्रीस आलेल्या कोल्ट एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीत नळीभोवतीच्या आवरणाचे पुढचे टोक नळीवरच टेकलेले असे. खांद्याचा पट्टाही तिलाच अडकवलेला असे. हाताचा दाब किंवा पट्ट्याचा ताण बदलला, की गोळी लक्ष्यावर निराळ्या ठिकाणी लागे. म्हणून स्पर्धेतील नेमबाज हे आवरण बदलू लागले. नवे आवरण, नळी जेथे रायफलीच्या मुख्य भागाला जोडलेली असते, केवळ तेथेच घट्ट बसवतात. पट्टाही त्यालाच अडकवतात. तेथून पुढे नळी मोकळी राहते. तथापि, सदोष नळी, निकृष्ट काडतुसे किंवा अस्थिर हात यांवर हा उपाय नव्हे.