थर्माकोलला गोंद कोणता लावावा?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उन्हाळा तापला की पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. म्हणून अनेक घरांत थर्माकोलच्या जाड शीटवर कापड चिकटवून ती पत्र्याखाली लावतात. हे काम घरच्या घरी होते. मात्र आमच्या पाहण्यात आले आहे की घोळ होतो तो गोंद निवडताना. "सर्वांत पक्का द्या," असे सांगून लोक रेक्झिन आणि चपला चिकटवायचा पिवळा रबरी गोंद आणतात. तो लावताच शीटला खड्डे पडतात आणि पैसे वाया जातात.

कारण साधे आहे. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनचे फुगवलेले दाणे. त्यात बहुतेक भाग हवाच असते. रबरी गोंदातली टोल्युइनसारखी द्रावके पॉलिस्टायरीन विरघळवतात. पेट्रोल आणि थिनरही तेच करतात.

त्यापेक्षा सुतारकामाचा पांढरा फेविकॉल बरा. तो पाण्यातला असल्याने थर्माकोलला धक्का लावत नाही. पण त्यातले पाणी उडून गेले तरच तो धरतो. म्हणून वर सुती कापड किंवा कागद असावा. रेक्झिन लावल्यास ओल आत कोंडते. ब्रशने पातळ थर द्यावा, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि रात्रभर सुकू द्यावे. खर्च वाचवायचा असेल तर मैद्याची खळ, म्हणजे उर्दूतली लेई, हलक्या कापडाला पुरते. कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असते, मुलांपासून दूर ठेवावे. फेविकॉल असो वा खळ, पाण्याने दोन्ही सुटतात. म्हणून आधी पत्र्याची गळती बंद करावी.

गादीचा मऊ फोम वेगळा, तो पॉलियुरेथेनचा. त्याला रबरी गोंद चालतो. पण त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, चूल-गॅस बंद ठेवावा, मुलांना बाहेर पाठवावे.

थर्माकोल स्वतःही पेटतो आणि काळा धूर सोडतो. म्हणून स्वयंपाकाच्या जागेवर आणि उघड्या वायरींजवळ तो मुळीच लावू नये.

शीट आणली की कोपऱ्याच्या तुकड्यावर रुपयाएवढा गोंद लावून दुसऱ्या दिवशी पाहावे. तुकडा शाबूत असेल आणि कापड ओढून निघत नसेल, तरच पुढचे काम सुरू करावे.