सन २०२५ चा भिजलेला मे महिना व पेरणीची घाई

वैशाख महिना म्हणजे नांगरट, बांधबंदिस्ती व खताची ओढणी उरकून शेतकऱ्यानें आभाळाकडे पाहत बसण्याचा काळ. सन २०२५ च्या वैशाखानें मात्र हा क्रम उलटा केला. तो महिना मुंबईनें कसा पाहिला, तसें कां घडलें, व त्यांतून आपण कोणता बोध घ्यावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे. तथापि महसूल खात्याच्या नोकरींत तालुका कचेरीच्या पर्जन्यमापकाचे आंकडे वर्षानुवर्षें नोंदविल्यामुळें पावसाचा हिशेब ठेवण्याची जी संवय जडली, ती सेवानिवृत्तीनंतर लालबागेंत राहूनही सुटलेली नाहीं.

प्रथम आंकडे पाहूं. मोसमी पाऊस केरळांत सामान्यतः १ जूनला व मुंबईंत ११ जूनला पोंचतो. २०२५ सालीं तो केरळांत २४ मे रोजीं व मुंबईंत २६ मे रोजीं आला. म्हणजे मुंबईंत सोळा दिवस आधीं. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लौकर तो येथें कधींच आला नव्हता. यापूर्वींची सर्वांत लौकरची तारीख २९ मे ही होती. कुलाबा वेधशाळेंतील मे महिन्याच्या पावसाचा उच्चांक १९१८ सालचा, २७९.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अकरा इंच होता. २६ मे रोजीं त्या महिन्याची बेरीज २९५ मिलिमीटरांवर गेली, व एकशें सात वर्षें टिकलेला तो उच्चांक मोडला. त्या दिवशीं दादर-परळकडील हिंदमातेच्या सखल भागांत पाणी तुंबलें, आणि वरळीचें नुकतेंच खुलें झालेलें आचार्य अत्रे चौक हें भुयारी मेट्रोचें स्थानकही पाण्यांत गेलें.

आतां याचें कारण. मे महिन्याच्या उत्तरार्धांत कोंकण-गोवा किनाऱ्यासमोर अरबी समुद्रांत हवेच्या कमी दाबाचें क्षेत्र तयार झालें. कमी दाब म्हणजे जणूं हवेंतील खळगा. भोंवतालचे बाष्पयुक्त वारे तिकडे धांव घेतात. हें क्षेत्र बळावून २४ मे रोजीं रत्नागिरी व दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागलें, आणि दक्षिणेकडील मोसमी वाऱ्यांस त्याचें साहाय्य होऊन ते झपाट्यानें वर आले.

परंतु हा जोर उसना होता. ते क्षेत्र विरल्यावर वाऱ्यांची पुढील चाल मंदावली. मे अखेरीस मोसमी पावसाची सीमा मुंबई व अहिल्यानगर यांवरून जाणाऱ्या रेषेवर अडली, ती १६ जूनच्या सुमारापर्यंत तेथेंच राहिली. लौकर आलेला पाऊस लौकर सर्वत्र पसरतोच, असें नाहीं.

त्याच आठवड्यांत घाटावरील आमच्या गांवाहून धाकट्या बंधूचा फोन आला. "दादा, रान तर चिंब भिजलें, सोयाबीन पेरूं काय?" मीं विचारलें, "वाफसा आला काय? कुळवाची पाळी झाली काय?" दोन्हींस उत्तर 'नाहीं' असें आलें. मीं थांबण्यास सांगितलें. त्याला राग आला. पण बियाणें पोत्यांतच राहिलें, व जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यांत वाफशावर पेरलें तें नीट उगवलें.

शेतकरी बंधूंनीं यांतून तीन गोष्टी ध्यानीं ठेवाव्या. पहिली, ७५ ते १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें तीन ते चार इंच पाऊस होऊन पुरेशी ओल उतरल्याविना कोरडवाहू पेरणी करूं नये. दुसरी, पाऊस पुरेसा झाला तरी वाफसा येईपर्यंत थांबावें. चिखलांत पडलेलें बीं कुजतें. तिसरी, पावसाचा अंदाज पुढील दोन आठवड्यांचा पाहावा. खंड पडण्याचा संभव असेल तर दुबार पेरणीचा खर्च आपल्याच माथीं बसतो.

शक्य त्यानें एक साधा पर्जन्यमापक आपल्या शेतावर बसवावा. एकाच शहरांत कुलाबा व सांताक्रूझ यांचे आंकडे एकाच दिवशीं पुष्कळ भिन्न असतात. मग तालुक्याचा आंकडा आपल्या बांधावर लागू पडेलच, असें कसें म्हणावें? पाऊस आल्याची तारीख वेधशाळेनें सांगावी. पेरणीची तारीख मात्र आपल्या रानाच्या ओलीवरूनच ठरवावी.