सांडशीनं पोळी उलटतात का?

माझं लहानपण बाबांच्या चेतकवर गेलं. रविवारी सकाळी ते स्कूटर अंगणात काढायचे, प्लग पान्यानं प्लग सोडवायचे आणि माझ्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा देऊन म्हणायचे, "घास गं, काजळी गेली पाहिजे." टू स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल, तेव्हा प्लग काळा व्हायचाच. मग स्कूटर जरा वाकडी करायची, दोन किका मारायच्या, की झाली सुरू! तेव्हापासून प्लगचं काम म्हणजे माझ्या लेखी मेथी निवडण्याइतकं सोपं.

हा फाजील आत्मविश्वास मला लोणावळ्यात नडला.

आमची छोटी पेट्रोल गाडी जूनमध्ये उभ्या जागी थडथडायला लागली. चढावर तर चक्क धाप लागायची तिला. आमचे हे पहाटेच्या लोकलनं पुण्याला जातात आणि रविवारी झोप काढतात. म्हटलं, आपणच करू. साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास. आमचे साधेच होते आणि त्यांचं वय कधीच उलटलं होतं. तीन सिलिंडर, म्हणून तीन नवे प्लग आणले.

बाबांचा प्लग पाना मी आठवण म्हणून जपून ठेवला होता. तो बसेचना! स्कूटरचा २१ मिलिमीटरचा, गाडीचा प्लग १६ चा, आणि तोही खोल विहिरीत तळाशी. मग ह्यांच्या पेटीतली १६ ची साधी लांब गोटी लावली. गॅरेजवाले सॉकेटला गोटीच म्हणतात. जुने प्लग निघाले. नवे बसवताना तिसऱ्याच्या वेळी गोटी विहिरीत जराशी कलली. मी जोर लावला. 'टक्' असा बारीक आवाज आला. बसला असेल, म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना पुण्याला न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, तपासणीची वेळ अकराची. जुन्या हायवेनं निघालो. पाऊस मी म्हणत होता. कामशेतच्या पुढे गाडी आचके द्यायला लागली, इंजिनचा दिवा लुकलुकला. गाडी कडेला घेतली ती तिथंच. दोन तास! काळा चष्मा लावलेल्या आई मागच्या सीटवर गप्प बसून होत्या. तपासणी हुकली. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

शेजारचे काका आयएनएस शिवाजीतून निवृत्त झालेले. लोणावळ्याच्या या तळावर १९४५ पासून नौदलातल्या लोकांना इंजिनाचं शिक्षण दिलं जातं. संध्याकाळी काकांनी तो तिसरा प्लग काढून माझ्यासमोर धरला. पांढऱ्या चिनीमातीवर केसाएवढी चीर.

"अगं, या प्लगपर्यंत वीस-वीस हजार व्होल्टचा दाब येतो. चिनीमाती त्याला अडवते, म्हणून ठिणगी टोकाला पडते. चीर पडली, त्यात पावसाचा दमटपणा, मग वीज मधेच पळते. पेट्रोल जळत नाही, तसंच सायलेन्सरकडे जातं. फार दिवस असं चालवलंस तर कन्व्हर्टरही जातो."

मग त्यांनी आपली पेटी उघडली. प्लगच्या गोटीत आतून रबर असतं, काहींत लोहचुंबक. ते प्लगला सरळ धरून ठेवतं, चिनीमातीला धक्का लागू देत नाही. सोबत रॅचेट आणि विहिरीच्या तळापर्यंत पोचेल असा एक्स्टेन्शन दांडा. प्लगच्या टोकाची फट मोजायला फीलर गेज. आणि किती आवळायचं ते सांगणारा टॉर्क रेंच. पुण्यात नाना पेठेत हे सगळं मिळतं. टॉर्क रेंच सोडला तर फार खर्चही नाही.

काम कसं करायचं? इंजिन पूर्ण गार हवं. चावी बंद. एका वेळी एकच प्लग, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. वायर ओढायची नाही, टोपण धरून काढायचं. प्लग सोडण्याआधी विहिरीतली धूळ फुंकून काढायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग सुरुवातीला रॅचेट न लावता, नुसत्या हातानं फिरवायचा. हाताला अडला तर थांबायचं, उलटा फिरवून पुन्हा लावायचा. कारण हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. वाकडे आटे बसले तर प्लगच्या कितीतरी पट खर्च हेडला येतो. हातानं पुरता बसला, की वॉशरवाल्या नव्या प्लगला पान्यानं अर्धा फेरा, फार तर किंचित जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आणि जुना प्लग निघतच नसेल तर झटापट न करता मेकॅनिकला बोलवायचं. (डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, तेव्हा तिथं शोधू नका!)

मी नवा प्लग काकांच्या गोटीनं बसवला. आई बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर दिवसभरात पहिल्यांदा बोलल्या, "म्हणजे सांडशीनं पोळी उलटायला गेलीस तू."

काय बोलणार! स्वयंपाकघरात मी किती काटेकोर असते. पुरणाला पुरणयंत्र, मोदकाला मोदकपात्र. चकलीचा सोऱ्या कोणी दुसऱ्या कामाला घेतला तर माझा जीव वरखाली होतो. गाडीजवळ गेल्यावर मात्र 'चालतंय की' म्हणून हाताला लागेल ते उचललं.

चार दिवसांनी आईंना पुन्हा पुण्याला नेलं. डोळा छान आहे, म्हणाले डॉक्टर. येताना नाना पेठेत गाडी थांबवून १६ ची रबरवाली गोटी घेतली. पैसे आईंनी दिले. आता ती गोटी, रॅचेट, दांडा, गेज असं सगळं बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतं. डब्यावर आईंनी, डोळा बरा झाल्यावर, स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे : 'फक्त गाडीसाठी. मागून नेणाऱ्यानं परत आणून द्यावे.'

बाबांचा पाना त्याच डब्यात आहे. त्याला मी कामाला लावत नाही.