रनिंग मेट कोण? अमेरिकेतल्या एका अंदाजाच्या खेळाविषयी

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या या मालिकेत गेल्या वेळी आपण इलेक्टोरल कॉलेजची पद्धत समजून घेतली. आज एका त्या मानाने लहान वाटणाऱ्या विषयाकडे वळू. दर चार वर्षांनी उन्हाळा आला की तिथल्या वाहिन्यांवर एक खेळ सुरू होतो. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार बहुतेक ठरलेला असतो. मग उत्सुकता उरते ती त्याच्या जोडीदाराची, म्हणजे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची. त्याला तिथे रनिंग मेट म्हणतात. आठ-दहा नावं फिरू लागतात, मग चार राहतात, मग दोन. कोण कोणाला भेटलं, कोणाचं विमान कुठे उतरलं, यावर तासन् तास चर्चा चालते.

या चर्चेत प्रश्न बहुधा एकच असतो. हे नाव घेतलं तर किती मतं वाढतील? मला आज असं मांडायचं आहे की हा प्रश्न दिसतो तितका महत्त्वाचा नाही. खरा महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे, आणि तो फार कमी वेळा विचारला जातो.

आधी पद समजून घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेने उपाध्यक्षाला मोजून दोन कामं दिली आहेत. एक म्हणजे सिनेटचं अध्यक्षस्थान. तिथे मत द्यायचं ते फक्त समसमान मतं पडली तर. दुसरं काम म्हणजे अध्यक्षपद मध्येच रिकामं झालं तर ते सांभाळणं. बस्स. पहिले उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी तर पत्नीला लिहिलेल्या पत्रात या पदाच्या क्षुल्लकपणाबद्दल कुरकुर केली आहे.

पण ते दुसरं काम नीट बघा. आपल्याकडे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी सूत्रं घेतली, पण तात्पुरती. आपल्या घटनेप्रमाणे सहा महिन्यांच्या आत राष्ट्रपतिपदाची निवडणूक घ्यावीच लागते. अमेरिकेत तसं नाही. तिथे उपाध्यक्ष उरलेल्या सगळ्या मुदतीसाठी अध्यक्ष होतो, मग ती तीन वर्षं अकरा महिने का असेना. आणि तिथला अध्यक्ष हा प्रत्यक्ष सरकार चालवणारा माणूस असतो, हे आपण मागच्या व्याख्यानात पाहिलंच आहे.

हा प्रघात १८४१ मध्ये पडला. अध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन शपथविधीनंतर एका महिन्यात वारले. उपाध्यक्ष जॉन टायलर यांनी केवळ कार्यभार सांभाळायचा, की पूर्ण अर्थाने अध्यक्ष व्हायचं, याबद्दल घटनेची भाषा संदिग्ध होती. टायलर म्हणाले, मीच अध्यक्ष. विरोधकांनी त्यांची खूप टिंगल केली, पण पायंडा पडला तो पडला. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने तो लेखी स्वरूपात आला.

आता आकडे बघू. आजपर्यंत ४५ व्यक्ती अमेरिकेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांतल्या नऊ जणांना अध्यक्षपद पहिल्यांदा मिळालं ते आधीचा अध्यक्ष मुदतीच्या मध्येच गेल्यामुळे. म्हणजे पाचांत एक. आठ वेळा कारण मृत्यूचं होतं, त्यांपैकी चार हत्या. एकदा, १९७४ मध्ये, निक्सन यांचा राजीनामा. पाचांत एक ही शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

मग चर्चा मतांचीच का होते? कारण जोडीदार निवडण्याची जुनी रीतच तशी आहे. तिला समतोल साधणं म्हणतात. उमेदवार उत्तरेचा असेल तर जोडीदार दक्षिणेचा. उमेदवार तरुण असेल तर जोडीदार मुरलेला. नेहमी दिलं जाणारं उदाहरण १९६० चं. मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी यांनी टेक्सासचे लिंडन जॉन्सन यांना घेतलं. उमेदवारीच्या शर्यतीत जॉन्सन त्यांचे प्रतिस्पर्धी होते, तरीही घेतलं. टेक्सास त्यांना अगदी थोड्या फरकाने मिळालं. पण हिशेब करून बघा. केनेडींना एकूण ३०३ इलेक्टोरल मतं मिळाली, आणि जिंकायला २६९ लागत होती. टेक्सासची २४ वजा केली तरी २७९ उरतात. जॉन्सन यांनी दक्षिणेतली आणखी काही राज्यं राखायला मदत केली असं अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण एका जोडीदाराने एक राज्य आणलं आणि त्यावर निवडणूक फिरली, इतकं सोपं ते गणित या गाजलेल्या उदाहरणातही बसत नाही.

पुढची उदाहरणं तर उलटीच आहेत. १९८८ मध्ये डुकाकिस यांनी टेक्सासचे लॉइड बेंटसन घेतले, टेक्सास गेलं. २००४ मध्ये केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन एडवर्ड्स घेतले. ते राज्यही गेलं. २०१२ मध्ये रॉम्नी यांनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेतले. विस्कॉन्सिन ओबामांकडे गेलं. दुसरीकडे १९९२ मध्ये आर्कान्सॉचे बिल क्लिंटन यांनी शेजारच्याच टेनेसीचे अल गोर घेतले. दोघेही दक्षिणेचे, वयानेही जवळपास बरोबरीचे. समतोलाचा नियम पार बाजूला ठेवला, आणि जिंकले.

२०२४ चं तुमच्या लक्षात असेल. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस यांच्याकडे जोडीदार शोधायला जेमतेम दोन आठवडे उरले. पेन्सिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांच्या नावाची जोरदार चर्चा होती, कारण त्या राज्याची १९ मतं. ६ ऑगस्टला नाव जाहीर झालं ते मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचं. पराभवानंतर बरेच जण म्हणाले, शापिरोंना घेतलं असतं तर! बरं, समजा घेतलं असतं आणि पेन्सिल्व्हेनिया मिळालं असतं. हॅरिस यांना २२६ मतं होती. त्यात १९ मिळवली की २४५. लागतात २७०. सातही चुरशीची राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली होती, त्यामुळे एका राज्याने भागलं नसतं.

इथे एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे. त्या विचारतात, मग ही नावांची यादी बाहेर येते कशी, आणि ती खरी असते का? चांगला प्रश्न आहे. यादीतली काही नावं खरी असतात. काही नावं मुद्दाम सोडलेली असतात. एखाद्या गटाला आपली दखल घेतली गेली असं वाटावं म्हणून, किंवा नावावर टीका किती होते ते आधीच कळावं म्हणून. ज्यांचं नाव येतं त्यांचाही फायदाच असतो. म्हणून यादी वाचताना ती कोणी आणि कशासाठी बाहेर आणली, हे मनात ठेवावं. २००० साली तर गंमतच झाली. जॉर्ज बुश यांनी जोडीदार शोधण्याचं काम डिक चेनी यांच्याकडे दिलं आणि शेवटी निवडलं चेनींनाच.

चेनींवरून एक तांत्रिक मुद्दा सांगतो. बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे एखाद्या राज्याच्या इलेक्टर्सना अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशा दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्यातल्या माणसांना मत देता येत नाही. बुश टेक्सासचे, आणि चेनीही तेव्हा टेक्साससमध्ये राहत होते. म्हणून नाव जाहीर होण्याआधी चेनींनी आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. वायोमिंगची मतं किती? तीन. म्हणजे ही निवड राज्याच्या मतांसाठी नव्हतीच. बुश यांना अनुभवी माणूस हवा होता. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या यादीत मार्को रूबिओ यांचं नाव होतं, तेव्हा हीच अडचण चर्चेत आली, कारण दोघेही फ्लोरिडाचे.

आता मी ज्याला खरा प्रश्न म्हणतो त्याकडे येतो. दोन प्रसंग सांगतो.

पहिला १८६४ चा. यादवी युद्ध चालू आहे. लिंकन दुसऱ्यांदा उभे आहेत. त्यांचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन हे गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यांना बदलून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन आले. जॉन्सन विरोधी पक्षाचे, दक्षिणेचे, पण देशाच्या एकसंधतेच्या बाजूने उभे राहिलेले. मतांच्या दृष्टीने निवड समंजस होती. शपथविधी झाला ४ मार्च १८६५ ला. बेचाळीस दिवसांनी, १५ एप्रिलला, लिंकन गेले. नुकत्याच मुक्त झालेल्या लाखो कृष्णवर्णीयांचं पुढे काय करायचं, हा निर्णय आता जॉन्सन यांच्या हातात आला. त्यांना नागरिकत्वाचे हक्क देणारं १८६६ चं विधेयक त्यांनी नाकारलं. काँग्रेसला ते त्यांच्या नकारावर मात करून मंजूर करावं लागलं. १८६८ मध्ये त्यांच्यावर महाभियोग चालला आणि ते एका मताने वाचले. मतपेटीसाठी केलेल्या निवडीची किंमत मोजली ती ज्यांना मतदानाचा हक्कही नव्हता अशा माणसांनी.

दुसरा प्रसंग १९४४ चा. रूझवेल्ट चौथ्यांदा उभे होते. प्रकृती ढासळत होती, आणि पक्षातल्या पुढाऱ्यांना ते दिसत होतं. उपाध्यक्ष हेन्री वॉलेस त्यांना फार डावे वाटत. शिकागोच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते, दुसऱ्या फेरीत हॅरी ट्रुमन जिंकले. निदान त्या पुढाऱ्यांनी तरी खरा प्रश्न मनात धरला होता. पण पुढे काय झालं बघा. ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. त्या काळात त्यांना अणुबाँबच्या प्रकल्पाची माहितीच दिली गेली नाही. त्याआधी सिनेटर असताना ते युद्धखर्चाची तपासणी करत होते, तेव्हाही युद्धमंत्री स्टिमसन यांनी त्यांना या प्रकल्पात खोलात न जाण्याची विनंती केली होती. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वारले. २५ एप्रिलला ट्रुमन यांना सविस्तर माहिती मिळाली. ६ ऑगस्टला हिरोशिमावर बाँब पडला. माणूस निवडणं पुरेसं नसतं, त्याला तयार ठेवावं लागतं, हा यातला धडा.

तो धडा गिरवायला तीस वर्षं लागली. १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांनी घाईघाईत टॉमस ईगलटन यांना निवडलं. नैराश्यावर त्यांना पूर्वी विजेच्या झटक्यांचे उपचार घ्यावे लागले होते, हे नंतर बाहेर आलं आणि अठरा दिवसांत त्यांना बाजूला व्हावं लागलं. तेव्हापासून कसून चौकशी करण्याची पद्धत रुजली. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी इच्छुकांच्या निवांत मुलाखती घेतल्या, वॉल्टर माँडेल यांना निवडलं आणि त्यांना अध्यक्षांच्या कार्यालयाजवळ, व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये जागा दिली. आज उपाध्यक्षाला सगळ्या गोपनीय गोष्टी माहीत असतात, याची सुरुवात तिथली आहे.

मग उमेदवार अजूनही आधी मतांचाच विचार का करतात? कारण त्यांची परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. आणि आपल्या मृत्यूची तजवीज आपणच करायला कोणालाही आवडत नाही. २०२४ मध्ये १३ जुलैला ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. दोन दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी जे. डी. व्हान्स यांचं नाव जाहीर केलं. पण वाहिन्यांवरची चर्चा तेव्हाही बरीचशी मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतांभोवतीच फिरत होती.

तेव्हा २०२८ च्या उन्हाळ्यात पुन्हा अशी नावं तुमच्या कानावर आली, की कोणतं राज्य मिळेल हे जरूर विचारा. पण त्याआधी दोन प्रश्न विचारा. उद्या सकाळी या माणसाला अध्यक्ष व्हावं लागलं तर तो काय करेल? आणि त्याला त्यासाठी तयार ठेवण्याची अध्यक्षांची इच्छा दिसते का? अंदाज चुकला तरी हरकत नाही. तो खेळच आहे. निवड चुकली तर मात्र ती दुरुस्त करायला पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबावं लागतं.

आता तुमचे उरलेले प्रश्न घेऊ.