मॉड्यूलचे नाव आणि आवृत्तीचा निर्देश

महाभारतातील एखाद्या श्लोकाचा अध्याय व क्रमांक दिला, परंतु आवृत्ती सांगितली नाही, तर तो निर्देश अपुरा ठरतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सित आवृत्तीतील क्रमांक नीलकंठी पाठातील क्रमांकांशी जुळत नाहीत, हे पुण्यातील अभ्यासकास सांगावयास नको. स्क्रिप्टिंग भाषांत एखादी लायब्ररी केवळ नावाने आयात केली असता हीच उणीव राहते. मात्र ती तेथे सहसा दृष्टीस पडत नाही.

पर्ल भाषेतील ‘यूज’ या आज्ञेत मॉड्यूलच्या नावापुढे आवृत्तीचा क्रमांक लिहिता येतो. तथापि तो किमान मर्यादा दर्शवितो. त्याहून नवी कोणतीही आवृत्ती त्या अटीत बसते. पायथनच्या ‘इम्पोर्ट’ विधानात तर आवृत्तीस जागाच नाही. शोधमार्गावर त्या नावाचे जे मॉड्यूल प्रथम सापडेल ते घेतले जाते. आवृत्ती निश्चित करावयाची ती बाहेर, ‘पिप’ या साधनास द्यावयाच्या यादीत.

याचे उदाहरण गणेशखिंडीतच आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून प्रतिमा सिद्ध करणारी ‘कॅप्चर’ ही पायथन संहिता राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. ती ‘कासा’ या संगणकप्रणालीवर उभी आहे. कासाच्या पाचव्या मालिकेत पायथन २ होते, सहाव्या मालिकेत पायथन ३ आले. म्हणून कॅप्चरचेही सहाव्या मालिकेसाठी स्वतंत्र रूप करावे लागले. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागिले असता ३ येत, पायथन ३ मध्ये ३.५ येतात. जुन्या पद्धतीचे ‘प्रिंट’ विधान नव्या पायथनमध्ये तत्काळ अडते व दोष कळतो. भागाकार मात्र मुकाट्याने वेगळे उत्तर देतो. खरा धोका या दुसऱ्या प्रकारचा होय.

जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० नेही असाच एक बदल केला. ३२ बिटांच्या दशांश संख्येत पायथनची साधी दशांश संख्या मिळविल्यास पूर्वी उत्तर ६४ बिटांचे येई. आता ते ३२ बिटांचेच राहते, म्हणजे सुमारे सोळाऐवजी सातच सार्थ अंक हाती लागतात. ‘नमपाय १.२० किंवा त्यापुढील’ अशी अट घालणाऱ्यास या बदलापासून संरक्षण नाही, कारण २.० ही आवृत्ती त्या अटीत बसते.

इतरांनी वापरावयाच्या लायब्ररीच्या कर्त्याने आवृत्तींचा पल्ला द्यावा, हे योग्यच; नेमकी आवृत्ती लादल्यास दोन लायब्रऱ्यांच्या मागण्या परस्परविरुद्ध होऊन एकत्र नांदत नाहीत. प्रबंधातील आकडे ज्या संहितेतून निघाले तिची गोष्ट वेगळी. तेथे दोन बरोबरीची चिन्हे लिहून नेमकी आवृत्ती नोंदवावी; तीही केवळ स्वतः आयात केलेल्या लायब्रऱ्यांची नव्हे, तर त्या ज्यांवर अवलंबून आहेत त्यांचीही. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा त्या वातावरणात स्थापित असलेल्या पॅकेजांची अशी यादी करून देते. पायथनची स्वतःची आवृत्ती मात्र त्या यादीत येत नाही. ती निराळी लिहावी लागते.