पाऊस बक्कळ, मग कणगी रिकामी का?

ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग इथल्या शेतीला पाण्याची कसली ददात, असं कल्याण-डोंबिवलीत बसून वाटणं साहजिक आहे. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो आणि मुरबाड-शहापूरच्या उतारांवर, कातळावरच्या थोडक्या मातीत न मुरता खाली निघून जातो. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

हवामान बदलणं म्हणजे पाऊस कमी होणं, हेही अर्धवटच खरं. भातवाल्याचं दुखणं वेगळं आहे. पेरणीनंतर लांबलचक उघडीप पडली की आवण जून होतं, लावणी रखडते. ऑक्टोबरात कापून वाळत टाकलेलं भात परतीच्या पावसात भिजलं, तर लोंबीवरच दाण्याला कोंब फुटतात. पाऊस सरासरीइतका झाल्याची नोंद होते आणि घरात वर्षाचं भात येत नाही.

यावरचा उपाय खर्चिकच असतो असंही नाही. शेजारच्या नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे. चिखलणी नाही, लावणी नाही. बी थेट टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. ती कुजून माती भुसभुशीत होते, ओल धरते आणि त्याच वाफ्यावर न नांगरता वाल घेता येतो. मात्र याला कुणी सेंद्रिय शेती समजू नये. तण मारायला यात तणनाशक वापरतात. कौतुकाच्या भरात ही बाजू राहून जाते.

राहिली नाचणी. वरकस जमिनीवरचं हे गरिबाचं धान्य, असं म्हणून भाताने तिला मागे ढकललं. वास्तविक 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पांढऱ्या तांदळात त्याचा दहावा हिस्साही नाही. भाताइतकं पाणीही तिला लागत नाही. आणि ती मूळची आपली नव्हे, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून हजारो वर्षांपूर्वी आलेली. तिथेही मक्यापुढे तिची पीछेहाट झालीच.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून ठाण्याच्या दुकानांत नाचणीची बिस्किटं जोरात आहेत. घेण्याआधी पाकिटामागची यादी वाचावी. बऱ्याचदा पहिलं नाव गव्हाचं किंवा मैद्याचं निघतं.