‘गाळपेर’ : नाथसागराच्या काठावरील एक शब्द

पाचोड ज्या पैठण तालुक्यात मोडते, तेथेच गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा नाथसागर आहे. धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. १९८६ साली जलाशय पक्षी अभयारण्य ठरला. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात जे पीक घेतात, त्यास ‘गाळपेर’ म्हणतात. ‘गाळ’ हे नदीचे देणे, ‘पेर’ हा मनुष्याचा श्रम. परंतु त्याच ओल्या गाळात पाणपक्ष्यांचा चारा असतो. आणि पिकास दिलेली खते व औषधे पावसाळ्यात पुन्हा जलाशयात उतरतात. तेच पाणी छत्रपती संभाजीनगर पिते. धरणात जमिनी गमावलेल्यांस गाळपेर सरसकट नाकारणे न्याय्य नव्हे. मात्र पीक, पक्षी व पेयजल ही तिन्ही एकाच काठाची देणी आहेत. शब्द त्यांपैकी एकच सांगतो. काठाच्या व्यवस्थेत उरलेल्या दोहोंसही स्थान हवे.